घाईची शोकसभा

मूत्रपिंडांचे काम मंदावल्याचे निदान झालेल्या माणसाविषयी त्याच्या नातलगांत, शेजाऱ्यांत आणि कचेरीतल्या सहकाऱ्यांत जे मत विनाविलंब तयार होते, त्याचा आशय थोडक्यात असा असतो: किडनी गेली म्हणजे माणूस गेला, हा रोग चोरपावलांनी येतो, त्यामुळे आधी काही करता येत नाही, एकदा आला की उतरण थांबत नाही, आणि डायलिसिसवर टाकले की उरतात ते फक्त मोजायचे दिवस. हे मत शिक्षणाने बदलत नाही, उत्पन्नानेही बदलत नाही, आणि ते नेहमी समजूतदारपणाच्या सुरात सांगितले जात असल्यामुळे त्याला हरकत घेणे असभ्यपणाचे ठरते. गंमत अशी की, हाच समाज दरवर्षी मार्च महिन्यात, जागतिक मूत्रपिंड दिनाच्या सुमारास, ‘भरपूर पाणी प्या, किडनी सांभाळा’ असे संदेश एकमेकांना मोठ्या उत्साहाने पाठवतो. म्हणजे रोग होण्यापूर्वी सगळे इतके सोपे की पेलाभर पाण्याने भागावे, आणि झाल्यावर इतके अवघड की कशानेच भागू नये. या दोन टोकांच्या मधे जी पाच, दहा, कधी वीस-पंचवीस वर्षे असतात, ज्यांत माणूस नोकरी करतो, शेत कसतो, मुलांची लग्ने लावतो, त्यांची या मताला दखलच नाही. आणि मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार म्हणजे मुख्यतः तीच वर्षे.

त्या वर्षांचा हिशेब मांडायचा तर आधी मूत्रपिंडाचे काम पाहिले पाहिजे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. या सगळ्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून घेतात, त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात सोडतात आणि दीड-दोन लिटर तेवढा लघवीवाटे बाहेर टाकतात. एका मिनिटाला किती मिलिलिटर द्रव गाळला जातो त्याला गाळणदर म्हणतात. प्रयोगशाळेच्या कागदावर तो ‘ईजीएफआर’ या नावाने येतो आणि निरोगी तरुण माणसात ९० ते १२० च्या आसपास असतो. तो ६० च्या खाली जाऊन तीन महिने तसाच राहिला, किंवा गाळणदर ठीक असूनही लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन सतत झिरपत राहिले, तर दीर्घकालीन मूत्रपिंड विकार आहे असे मानतात. गाळणदरानुसार या विकाराचे पाच टप्पे केलेले आहेत. त्यांपैकी तिसरा ५९ ते ३०, चौथा २९ ते १५ आणि पाचवा १५ च्या खाली. येथेच पहिला घोटाळा होतो, कारण ‘तिसरा टप्पा’ हे शब्द कानी पडताच घरच्यांना कर्करोगाचा तिसरा टप्पा आठवतो आणि रडारड सुरू होते. वस्तुतः ५० गाळणदर असलेल्या माणसाला बहुधा कसलाही त्रास होत नसतो आणि तिसऱ्या टप्प्यातल्या बहुसंख्य रुग्णांवर डायलिसिसची वेळ आयुष्यात कधीच येत नाही. त्यांना त्याहून मोठा धोका असतो तो हृदयविकाराचा, ज्याची चौकशी करायला मात्र कोणी येत नाही. ज्या विकारात बहुतेकांची मूत्रपिंडे शेवटपर्यंत पुरतात, त्याला सरसकट ‘किडनी गेली’ म्हणण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला?

रोग चोरपावलांनी येतो हे लक्षणांपुरते खरे आहे. पण लक्षणांची वाट पाहत बसा असे कोणी सांगितले? लंडनच्या गाइज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट या वैद्याने १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अंगावर सूज, लघवीतले अल्ब्युमिन आणि शवविच्छेदनात दिसणारी रोगट मूत्रपिंडे यांचा संबंध जोडून दाखवला, आणि त्यासाठी त्याच्या हाताशी होते ते एवढेच की, लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर धरली असता त्यात अल्ब्युमिन असेल तर ती पांढरी होऊन साकळते. जे मेणबत्ती आणि चमचा यांनी दोनशे वर्षांपूर्वी कळत होते, ते आज गल्लोगल्ली प्रयोगशाळा असताना ‘कळतच नाही’ असे म्हणायचे, याला काय म्हणावे? मधुमेहाच्या रुग्णाची साखर महिन्या-दोन महिन्यांनी तपासली जाते, साखरेचे यंत्र घरोघरी आलेले आहे; पण त्याच रुग्णाला ‘लघवीतले अल्ब्युमिन शेवटचे कधी तपासले?’ असे विचारले की उत्तराऐवजी प्रश्नार्थक चेहरा समोर येतो. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही या विकाराची दोन सर्वांत मोठी कारणे आहेत, आणि ज्यांना ती आहेत त्यांची ही तपासणी वर्षातून एकदा तरी झाली पाहिजे यात तज्ज्ञांत दुमत नाही.

रक्ततपासणी होते तिथेही फसगत ठरलेली. क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडांचे काम घटले की तो रक्तात साचतो. पण तो किती साचला याचा अर्थ वय, लिंग आणि स्नायूंचे प्रमाण यांवर अवलंबून असतो, आणि जवळजवळ निम्मे काम घटेपर्यंत हा आकडा नजरेत भरेल इतका वाढतही नाही. १.२ हे क्रिएटिनिन तीस वर्षांच्या पुरुषाचे असेल तर २०२१ साली सुधारलेल्या सूत्रानुसार त्याचा गाळणदर ८३ च्या आसपास येतो; तेच १.२ सत्तर वर्षांच्या बाईचे असेल तर गाळणदर ४९ च्या आसपास, म्हणजे ती तिसऱ्या टप्प्यात आहे. अनेक ठिकाणी हा आकडा ‘सामान्य’ या रकान्यात बसतो, कागद घडी घालून पिशवीत जातो, आणि पाच-सात वर्षांनी चेहरा सुजला की ‘अचानक किडन्या फेल झाल्या’ अशी बातमी गावभर होते. यात अचानक काय झाले? जे वर्षानुवर्षे कागदावर होते ते कोणी वाचले नाही, एवढेच.

खेड्यापाड्यांत हे परवडणार कसे, हा आक्षेप येथे हमखास येतो. त्याचे उत्तर चेन्नईच्या परिसरातील खेड्यांत देऊन झाले आहे. मूत्रपिंडविकारतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी यांच्या पुढाकाराने किडनी हेल्प ट्रस्टने तेथे गेल्या शतकाच्या अखेरीस जे काम सुरू केले, त्यात गावातल्याच मुलींना शिकवून घरोघर पाठवण्यात आले. त्यांनी लोकांचा रक्तदाब मोजला, लघवीत रसायन टाकून ती गढूळ होते का ते पाहिले, आणि ज्यांच्यात दोष आढळला त्यांना जुनी, स्वस्त औषधे सुरू झाली. या कामाला ना आलिशान इमारत लागली ना परदेशी यंत्र. तेव्हा ‘आधी काही करता येत नाही’ या वाक्याचा खरा अर्थ ‘आधी कोणी काही केले नाही’ असा घ्यावा.

उतरण थांबत नाही हे मत तर किमान तीस वर्षे शिळे आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या आणि मूत्रपिंडांना इजा झालेल्या मधुमेहींना कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचे औषध देण्यात आले, तेव्हा मृत्यू, डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांपैकी काही ओढवण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. २००१ साली लोसार्टन या दुसऱ्या गटातील औषधानेही नंतरच्या वयात होणाऱ्या मधुमेहात मूत्रपिंडांचा ऱ्हास मंदावतो हे सिद्ध झाले. २०२० साली डापाग्लिफ्लोझिन या मुळात साखरेसाठी निघालेल्या गोळीची चार हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. मधुमेह नसलेलेही अनेक रुग्ण तीत होते, आणि गाळणदर निम्म्याने किंवा त्याहून अधिक घसरणे, मूत्रपिंडे निकामी होणे अथवा मूत्रपिंड वा हृदयाच्या कारणाने मृत्यू येणे यांचे एकत्रित प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. त्याच वर्षी या औषधाच्या पेटंटची मुदत भारतात संपली आणि अनेक कंपन्यांनी ते स्वस्तात बाजारात आणले. ही औषधे झालेली इजा भरून काढत नाहीत, पण घसरणीचा वेग कमी करतात, आणि चाळिशीतल्या माणसाच्या बाबतीत वेग कमी होणे म्हणजे डायलिसिस पंचेचाळिसाव्या वर्षी की पासष्टाव्या, एवढा फरक असू शकतो. मात्र कॅप्टोप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढते. ही वाढ ३० टक्क्यांपर्यंत असेल तर ती अपेक्षितच असते आणि गोळी चालू ठेवायची असते. पण वाढलेला आकडा पाहून घरातला कोणी जाणता ‘या गोळ्यांनीच किडनी खराब होते’ असा निकाल देतो, गोळी बंद होते, आणि तिच्या जागी काढा येतो.

काढा आणि पाणी यांवर समाजाची जी श्रद्धा आहे तिला पुराव्याची गरज वाटत नाही. पाण्याने मूत्रपिंड ‘धुऊन निघते’ ही कल्पना इतकी रुजलेली आहे की, मूतखड्यासाठी दिलेला सल्ला, जो तेथे योग्यच आहे, तो सरसकट सर्व मूत्रपिंडविकारांना लावला जातो. कॅनडात तिसऱ्या टप्प्यातील रुग्णांना वर्षभर जास्त पाणी प्यायला लावून पाहिले, त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले, आणि ऱ्हासाच्या गतीत काहीही फरक पडला नव्हता. उलट लघवी कमी होऊ लागलेल्या रुग्णाने हाच सल्ला पाळला तर पाणी फुप्फुसांत साचते आणि रात्री उशीला टेकून बसून श्वास घ्यावा लागतो. काढ्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. १९९३ साली ब्रुसेल्समधील वैद्यांनी वजन उतरवण्याच्या गोळ्या घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी झाल्याचे दाखवून दिले, आणि कारण निघाले ते त्या गोळ्यांत चुकून आलेली ॲरिस्टोलोकिया कुळातील वनस्पती. याच कुळातील सापसंद भारतात औषधी म्हणून वापरली जाते. अलीकडे केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात लघवीतून प्रथिन जाणाऱ्या रुग्णांचा शोध घेताना त्यांच्यापैकी अनेकांनी पारा असलेले गोरेपणाचे क्रीम वापरल्याचे आढळले. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ असे विचारणाऱ्यांनी पारा आणि सापाचे विष हेही निसर्गातच आढळतात हे ध्यानात घ्यावे. गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेली डायक्लोफिनॅकची पट्टी हे तर याच मालिकेतले सर्वांत परिचित आणि सर्वांत कमी बोलले जाणारे नाव.

‘स्वतःच्या सवयींनी ओढवून घेतले’ असे म्हणणाऱ्यांसाठी आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याचा उद्दानम हा नारळ-काजूच्या बागांचा पट्टा पुरेसा आहे. तेथे मधुमेह नसलेल्या, कष्टाची कामे करणाऱ्या माणसांची मूत्रपिंडे मोठ्या संख्येने निकामी होतात आणि त्याचे निश्चित कारण अजून सापडलेले नाही. त्यांच्या कोणत्या सवयीला दोष द्यायचा?

आहाराच्या बाबतीत तर शेजारधर्माला भरतेच येते. आजाऱ्याला भेटायला जाताना हाती शहाळे घेऊन जाणे ही आपल्याकडची रीत; पण पोटॅशियम वाढलेल्या रुग्णासाठी, ज्याच्या हृदयाचा ठोका या क्षाराच्या अतिरेकाने बिघडू शकतो, शहाळ्याचे पाणी धोक्याचे असते, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते. सैंधव ‘किडनीला चालते’ असे सांगणाऱ्यांना ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे हे ठाऊक नसते, आणि ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जे दुकानात मिळते त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते हे तर पाकीट उलटून कोणी वाचतच नाही. खरे पथ्य यापेक्षा पुष्कळ रुक्ष आहे: मीठ कमी, लोणचे-पापड जवळजवळ नाहीत, पोटॅशियम वाढले असेल तर बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचे, आणि लघवी कमी झाली असेल तर सकाळी मापाच्या बाटलीत दिवसाचे पाणी भरून चहा, ताक, आमटीचे पाणी, गोळ्यांसोबतचा घोट हे सगळे त्याच हिशेबात धरायचे. याउलट ‘डाळ बंद, दूध बंद, अंडे बंद’ असे फर्मान काढणाऱ्यांच्या घरी एक विलक्षण चमत्कार घडतो. रुग्णाचे स्नायू झिजतात, स्नायू झिजले की क्रिएटिनिन कमी तयार होते, आकडा उतरतो, आणि काढेवाल्याची जाहिरात तयार होते. माणूस वाळत असताना त्याचा अहवाल सुधारत आहे म्हणून पेढे वाटणारा समाज आणखी कोठे सापडेल? डायलिसिसपूर्व रुग्णाला वजनाच्या किलोमागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतातच, आणि डायलिसिस सुरू झाल्यावर ती गरज कमी होत नाही, वाढते.

आता डायलिसिसकडे वळायचे, कारण सगळी भीती शेवटी तिथे येऊन साचते. मूत्रपिंडांचे गाळण्याचे काम यंत्राने किंवा पोटाच्या आतील पडद्याच्या साहाय्याने करून घेणे म्हणजे डायलिसिस. ‘एकदा लावले की सवय लागते, मग सुटत नाही’ हे त्याविषयीचे सर्वांत लाडके वाक्य. कोकणात घोणस चावलेल्या किंवा मुंबईत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस झालेल्या किती माणसांची मूत्रपिंडे काही दिवस बंद पडतात, तेवढे दिवस त्यांना डायलिसिस दिले जाते, आणि मूत्रपिंडे पुन्हा कामाला लागली की ती माणसे घरी जातात. त्यांना कोणती सवय लागली? डायलिसिस सुटत नाही तेव्हा त्याचे कारण मूत्रपिंडे परत काम करणार नाहीत हे असते. कुबडी घेतल्याने पाय जात नाही. ‘क्रिएटिनिन अमुक झाले की लगेच टाकतात’ हाही असाच समज. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डायलिसिस लवकर सुरू करणे आणि लक्षणे दिसेपर्यंत लक्ष ठेवून थांबणे यांत जगण्याच्या दृष्टीने फरक आढळला नाही. म्हणजे चांगल्या देखरेखीखाली थांबता येते; मात्र देखरेख सोडून पळण्याला थांबणे म्हणत नाहीत.

पळण्याची किंमत नेमकी असते. हातातील शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करतात, ज्यावर बोट ठेवले असता अखंड थरथर जाणवते आणि ज्यातून यंत्राकडे रक्त नेता येते. ती शीर वापरण्याजोगी व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. ज्याला दोन-तीन महिने आधी तज्ज्ञाकडे नेले त्याचा फिस्टुला तयार असतो; ज्याला ‘डायलिसिसचे नाव काढू नका’ म्हणून घरी बसवले त्याला एका रात्री दम लागून आणले जाते, घाईने मानेतून नळी घातली जाते, तिला जंतुसंसर्ग होतो, आणि मग हेच लोक म्हणतात, ‘बघा, डायलिसिसने माणूस गेला.’ भारतात बहुसंख्य रुग्ण याच घाईत यंत्रापर्यंत पोचतात. आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास, हे सोपे आहे असे कोणीही म्हणत नाही. त्यातले निम्मे कष्ट तर तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी जाण्यायेण्याचे असतात. पण आठवड्याच्या १६८ तासांतून ते बारा आणि प्रवासाचे तास वजा केले तरी जे उरतात त्यांना आयुष्य म्हणायचे की नाही?

या प्रश्नाचे उत्तर या देशाच्या इतिहासात नोंदलेले आहे. आणीबाणीत अटकेत असलेल्या जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि तेव्हापासून ते डायलिसिसवर होते. जनता पक्षाची जुळवाजुळव, १९७७ ची निवडणूक, केंद्रातील पहिले बिगर-काँग्रेस सरकार, हे सगळे घडवणारा माणूस डायलिसिसचा रुग्ण होता. आणि मार्च १९७९ मध्ये, ते जसलोकमध्ये जिवंत असताना, पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली आणि सभागृहाने श्रद्धांजली वाहिली. जयप्रकाश त्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ जगले. त्यांचे निधन ८ ऑक्टोबर १९७९ रोजी झाले. संसदेने एकदा केलेली आणि नंतर मागे घेतलेली ती चूक आजही घरोघर होते, फरक एवढाच की घरातली घोषणा कोणी मागे घेत नाही.

आणि ही घोषणा सर्वांच्या बाबतीत सारख्याच लवकर होत नाही, ही या मताविषयीची सर्वांत अप्रिय गोष्ट आहे. जगभरात दीर्घकालीन मूत्रपिंड विकार स्त्रियांत पुरुषांपेक्षा कमी नाही, किंचित अधिकच आढळतो. पण भारतातील डायलिसिस केंद्रांत खाटांवर अधिक दिसतात ते पुरुष. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बहुसंख्य आया, बायका, बहिणी, आणि तो मिळणाऱ्यांत बहुसंख्य मुलगे, नवरे, भाऊ. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ पासून आहे, प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे; पण यांपैकी कशाचाही उपयोग होण्यापूर्वी घरात कोणीतरी ‘नेऊ या’ असे म्हणावे लागते. कमावत्या पुरुषाची मूत्रपिंडे बिघडली की जमीन गहाण पडते, दाता शोधला जातो, आणि ‘किडनी गेली म्हणजे माणूस गेला’ हे वाक्य दारातच थांबते. तोच विकार साठीतल्या सासूला झाला की तेच वाक्य तत्त्वज्ञान होऊन आत येते, ‘आता काय राहिलंय, उगीच हाल कशाला’ असे म्हणते, आणि एकदाही लघवी न तपासलेल्या, एकही गोळी न मिळालेल्या, फिस्टुला हा शब्दही कानी न पडलेल्या बाईचा निकाल रोगावर टाकून मोकळे होते. हे मत रोगाविषयीचे नाहीच. कोणावर किती खर्च करायचा याविषयी घेतलेला तो निर्णय आहे, आणि जो निर्णय घरातल्या माणसांनी घेतला त्याचा जाब मूत्रपिंडाला विचारता येणार नाही.